अंगी लागणं : जनावराच्या चाऱ्याचा हिशेब कुणी कसा मांडला

आवाज नीट पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय आम्ही कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, सर, गुरांच्या खाण्यावर बोलणार? तुमची तर तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट. आम्ही म्हटलं, आमच्या न्याय-वैशेषिकांनी 'सामान्य' म्हणजे काय हे समजावताना शतकानुशतकं एकच उदाहरण दिलं आहे, गोत्व. शंभर गायी वेगवेगळ्या, पण त्या सगळ्यांत एकच गोत्व. पस्तीस वर्षं आम्ही ते फळ्यावर लिहिलं. निवृत्त झाल्यावर सुचलं की गव्हाणीत गोत्व खात नसतं, खाते ती एकेक गाय. आणि प्रत्येक गाय सारखी खात नाही, खाल्लेलं प्रत्येकीच्या सारखं अंगी लागत नाही. आजचं व्याख्यान एवढ्यावरच आहे.

आम्ही उल्हासनगरचे, कॅम्प चारचे. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, कॅम्प हा शब्द शब्दशः घ्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने हा तळ उभारला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. रेल्वेच्या पलीकडे एक, दोन, तीन. अलीकडे, पूर्वेला, चार आणि पाच. आमच्या लहानपणी, साठच्या दशकात, विठ्ठलवाडीच्या अंगाला एक लहानसा तबेला होता. आठ-दहा म्हशी. आम्ही सकाळी किटली घेऊन जायचो. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन म्हशी आम्हाला अजून आठवतात. दोघींपुढे तोच पेंढा, तीच सरकीची पेंड, आंबोणाची बादलीही तीच. एक तुकतुकीत, दुसरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. मालक उत्तरेकडचा. आम्ही विचारलं तर म्हणाला, "खाती बराबर है, लगता नहीं." घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझ्यासारखीच की. तुझ्या तरी कुठे अंगी लागतंय?"

भाषा दोन, निदान एकच. अंगी लागणं. सगळ्या गोठ्यांत, सगळ्या स्वयंपाकघरांत हा शब्द होता. मोजमाप मात्र कुणाकडे नव्हतं.

आता ती बरगड्यांची म्हैस. एका पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. आम्ही चौकशी केली, मालक म्हणाला, "सूख गई." आटली. भाकड झाली म्हणजे मेली असं थोडंच असतं? पण शहरातल्या तबेल्यात त्याचा अर्थ जवळजवळ तसाच व्हायचा. मुंबई आणि आसपासच्या तबेल्यांची ही जुनी रीत. म्हशी लांबून आणायच्या, गुजरातेतून, पंजाबाकडून, चांगल्या दुधाच्या. दूध आटलं की पुन्हा गाभण राहून वीतपर्यंत तिला फुकट पोसायचं, तेही मुंबईच्या भावाने गवत-पेंढा विकत घेऊन. ते परवडायचं नाही. ठाणे जिल्ह्यातलं गवत गाठी बांधून शहराकडे जायचं, त्याला शहराचा भाव. म्हणून आटलेली म्हैस कसायाकडे जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. रेडकाचंही तेच, कारण ते पिईल ते दूध विकता आलं असतं. उत्तम दुधाच्या म्हशींचा वंश असा दरवर्षी शहरात येऊन संपत होता. १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली, दारा खुरोडींच्या पुढाकाराने, तेव्हा तबेले शहराबाहेर काढणं हा हेतू तर होताच, पण ही उधळपट्टीही डोळ्यांपुढे होती.

लक्षात घ्या, त्या म्हशीचा जीव दुधावर गेला नाही. गेला तो दूध नसतानाच्या खाण्यावर. नुसतं उभं राहायला, श्वास घ्यायला, अंग ऊबदार ठेवायला जे लागतं त्यावर. शास्त्रात त्याला निर्वाहाचा आहार म्हणतात. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांतही गाय-वासरांच्या एकूण खाण्यातला सुमारे सत्तर टक्के भाग या निर्वाहातच जातो. उरलेल्यात काय ती वाढ, काय ते दूध. म्हणून कमी खाऊन भागवणारं जनावर ओळखायचं तर आधी निर्वाहाकडे बघावं लागतं.

इतिहासात जरा मागे जाऊ. आपल्याकडे हा प्रश्न आधी आला तो बैलाच्या रूपाने. महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, १८८३ साली, शेतकऱ्याची गुरं का खंगली याची चर्चा आहे, आणि बोट आहे ते जंगलखात्याने बंद केलेल्या चराऊ रानांकडे. जनावरात खोट नाही, पोटात चारा नाही. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने लिनलिथगोंच्या अध्यक्षतेखालचा शेतीविषयक शाही आयोग आला, त्याचा अहवाल १९२८चा. त्यात एक दुष्टचक्र मांडलं आहे आणि ते आजही वाचण्यासारखं आहे. जिथे चारा वाईट तिथे गुरं खुरटतात, गायी उशिरा वितात, नांगराला लागणारा धड बैल मिळत नाही. मग शेतकरी काय करतो? एक तरी गोऱ्हा चांगला निघेल या आशेने आणखी गायी ठेवतो. गुरं वाढतात, तेवढाच चारा आणखी वाटला जातो, गुरं आणखी खुरटतात.

फुल्यांना चारा दिसला, आयोगाला संख्या दिसली. एकाच चाऱ्यावर दोन बैल वेगळे का निघतात, हा आमच्या तबेल्यातला प्रश्न दोघांनाही पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं म्हणा. उपाशी कळपात असला बारीक फरक दिसतच नाही.

यानंतरचा मोठा वाद पुण्याशी जोडलेला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. १९६४ साली त्यांनी गुरांच्या विकासातला संख्येचा प्रश्न मांडला. चारा ठरावीक असेल तर गुरं कमी केल्याशिवाय सुधारित पैदास हा पोकळ शब्द आहे, असा त्यांचा रोख. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी उलट बाजू मांडली. भारतातली गाय माणसाच्या ताटातलं खात नाही, ती काड-पेंढा खाते, आणि बदल्यात बैल देते, शेण देते. तेव्हा तिला निरुपयोगी म्हणणं चूक. दांडेकरांनी १९६९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त यावर खरमरीत लिहिलं. त्याच साली के. एन. राज यांनी आकडे घेऊन दाखवलं की वेगवेगळ्या भागांतला शेतकरी गाई-बैलांचं प्रमाण आपल्या गरजेच्या हिशेबाने राखतो, नुसत्या श्रद्धेने नाही.

मग १९७२ साली स्ट्यूअर्ट ओडेन्डाल यांचा बंगालमधल्या सिंगूरचा अभ्यास आला. गुरांनी वर्षभरात खाल्लेली ऊर्जा आणि त्यांच्याकडून मिळालेली उपयोगी ऊर्जा यांचा त्यांनी हिशेब घातला. उत्तर आलं १७ टक्के. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रानात चरणाऱ्या मांसाच्या गुरांसाठी हाच आकडा ४ टक्क्यांच्या आत धरला जातो. हॅरिसना अर्थातच आनंद झाला. पण नीट बघा. सिंगूरच्या गाईचं पोट अमेरिकन गाईपेक्षा चौपट चांगलं चालतं, असं यातून सिद्ध होतं का? नाही. सिंगूरमध्ये गोवऱ्यांची आच धरली होती, नांगरटीचं काम धरलं होतं. अमेरिकेत शेण रानात पडतं, ते कोण मोजणार? अंश बदलला की गुणोत्तर बदलणारच, हे सातवीतल्या मुलाला कळतं. इतके मोठे विद्वान वर्षानुवर्षं भांडले ते गाईवरून नाही, अंशात काय लिहायचं यावरून. आम्हाला त्यात दांडेकरांची बाजू जास्त पटते, कारण चारा मर्यादित आहे हे ते विसरत नाहीत. पण त्यांच्याही हिशेबात गाय म्हणजे एक डोकं. सगळी डोकी सारखी. पुन्हा गोत्वच.

एकेका जनावराकडे वळायला अमेरिकेतली आणि ऑस्ट्रेलियातली मांसाची गुरं लागली. तिथे चारा विकत घेऊन खाऊ घालतात, वजनावर विकतात, त्यामुळे फरक थेट खिशात दिसतो. आपल्या राज्यात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली, आणि बैल-वळूंनाही ती लावणाऱ्या १९९५च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली. तेव्हा इथे ते शास्त्र त्या कारणासाठी वाढायचा प्रश्न नव्हता. पण शोध कुणाच्याही गोठ्यात लागो, पोट सगळीकडे पोटच.

पहिलं नाव मॅक्स क्लायबर. स्वित्झर्लंडचा माणूस, कॅलिफोर्नियात काम केलं. १९३२ साली त्यांनी दाखवलं की जनावराचा निर्वाहाचा खर्च वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. घाबरू नका. २०० किलोची गाय आणि ४०० किलोची गाय घ्या. वजन दुप्पट, पण निर्वाह दुप्पट नाही, साधारण एक पूर्णांक सात पट. म्हणजे २०० किलोच्या दोन गायी पोसण्यापेक्षा ४०० किलोची एक पोसणं स्वस्त. दांडेकरांच्या बाजूने हा चांगला मुद्दा आहे. फक्त गरीब शेतकरी यावर एवढंच म्हणेल की दोनांतली एक मेली तर एक उरते, आणि नड आली तर अर्धी गाय विकता येत नाही.

दुसरं नाव रॉबर्ट कोख, नेब्रास्का, १९६३. यांनी आमच्या तबेल्यातला प्रश्न सोडवला. किती खाल्लं आणि किती वाढलं एवढं गुणोत्तर काढलं तर मोठं, झपाट्याने वाढणारं जनावर नेहमीच पुढे दिसतं. कोख आणि त्यांचे सहकारी म्हणाले, आधी त्या जनावराचं वजन आणि वाढ बघा, आणि त्यावरून त्याने किती खायला हवं होतं याचा अंदाज काढा. मग प्रत्यक्षात किती खाल्लं ते तोला. या दोहोंतली तफावत जी राहते, ती त्या जनावराची स्वतःची. अंदाजापेक्षा कमी खाल्लं, तरी वाढ तीच, तर ते काटकसरी. जास्त खाल्लं, तर उधळं. इंग्रजीत याला रेसिड्युअल फीड इनटेक म्हणतात. आम्ही याला शेष आहार म्हणतो. वजाबाकी करून उरलेला म्हणून शेष.

कल्पना साधी, पण जनावर एकेकटं खाऊ घालून, रोज गव्हाणीतलं उरलेलं तोलून, साधारण सत्तर दिवस हे करावं लागतं. म्हणून तीसेक वर्षं ती कागदावरच राहिल्यासारखी होती. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी इथे, अँगस गुरांचे दोन कळप मुद्दाम वेगळे वाढवले. एक काटकसरी आईबापांचा, दुसरा उधळ्यांचा. गुण पिढीत उतरतो हे स्पष्ट झालं. मग फरक येतो कुठून? रिचर्डसन आणि हर्ड यांनी २००४ मध्ये त्याची वाटणी मांडली, आणि ती वाचून आम्ही चकित झालो. आपल्याला वाटतं, पचनाचा फरक असणार. पचनाचा वाटा निघाला फक्त १० टक्के. आंबवणाची उष्णता ९, हालचाल ९, अंगावर चरबी किती नि मांस किती याचा ५, खाण्याच्या सवयी २. सगळ्यात मोठा वाटा, ३७ टक्के, शरीरातली प्रथिनं मोडून पुन्हा बांधण्याची उलाढाल, पेशींचा चयापचय आणि ताण यांचा. उरलेल्या २७ टक्क्यांचा पत्ता नाही.

ताण! म्हणजे घाबरट, सतत बिथरणारं जनावर खाल्लेलं जाळून टाकतं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात नवीन काय? चिंता करणाऱ्याच्या अंगी कधी लागलंय?

अजून एक गोष्ट. यकृत आणि आतडी मिळून शरीराच्या वजनाचा दहावा भागही भरत नाही, पण जनावर नुसतं उभं असताना जी ऊर्जा जळते तिचा चाळीस-पन्नास टक्के भाग तीच खातात. ज्या जाती भरपूर खाण्यासाठी, भरपूर दुधासाठी घडवल्या, त्यांचे हे अवयव मोठे. मोठा कारखाना, बंद असला तरी वीजबिल मोठं. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९६च्या कोष्टकांत वशिंडाच्या गुरांचा, म्हणजे आपल्या वंशाच्या, निर्वाह विलायती मांसल जातींपेक्षा १० टक्के कमी धरला आहे, आणि दुधाळ विलायती जातींचा २० टक्के जास्त.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग, नेब्रास्कातल्याच क्ले सेंटरचा. जेनकिन्स आणि फेरेल, १९९४. नऊ जातींच्या गायी, काहींना चारा कमी, काहींना मध्यम, काहींना भरपूर. प्रश्न एकच, किती चाऱ्यामागे किती वासरू हाती आलं. चारा कमी होता तेव्हा अँगस, रेड पोल यांसारख्या मध्यम बांध्याच्या जाती पुढे. चारा भरपूर झाला तेव्हा त्या मागे पडल्या आणि युरोपातल्या थोराड जाती पुढे आल्या. गायी त्याच, परीक्षक तेच. चारा बदलला आणि पहिला नंबर बदलला. 'कोणती गाय चांगली' हा प्रश्न अपुरा आहे. किती चाऱ्यावर, हे आधी सांगा.

हे समजल्यावर आपल्या महाराष्ट्रातली संकरित गाईची कहाणी वेगळी दिसू लागते. १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले. आधी निसर्गोपचार आश्रम, गीर गायी. मग १९६७ साली त्यांनी बायफ ही संस्था काढली. गावठी गाईला जर्सी किंवा होल्स्टिन फ्रिजियनचं गोठवलेलं रेत भरायचं, तेही शेतकऱ्याच्या दारात जाऊन. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दूध वाढलं, घरं उभी राहिली, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. मणिभाईंचं मोठेपण आम्हाला आणखी एका गोष्टीत दिसतं. त्यांच्या संस्थेने गाईबरोबर चाराही धरला, सुबाभळीचा प्रसार केला. मोठ्या कारखान्याला कच्चा माल लागतो हे त्यांना कळत होतं. गावोगाव पुढे झालं असं की रेत पोचलं, चारा पोचला नाही.

त्याची परीक्षा दुष्काळात होते. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला. त्यानंतरचे, २०१२-१३ आणि २०१८-१९चे, तुम्ही सगळ्यांनी. चारा छावण्या उघडल्या. सरकारी नियम होता, मोठ्या जनावराला रोज १५ किलो हिरवा चारा, लहानाला साडेसात. २०१९च्या उन्हाळ्यात तो १८ आणि ९ झाला. थोडं पशुखाद्य वेगळं. नियमाच्या कागदावर जनावरं दोनच प्रकारची, मोठं आणि लहान. मोठं म्हणजे काय? २०० किलोची गावठी गाय मोठी, आणि ४०० किलोची संकरित गायही मोठीच.

१५ किलो हिरव्या चाऱ्यातलं पाणी काढलं तर कोरडा ऐवज राहतो साधारण चार किलो. २०० किलोच्या गावठी गाईचा निर्वाह तेवढ्यात जेमतेम भागतो. ती वाळत नाही, वाढतही नाही, पावसाची वाट बघते. ४०० किलोच्या संकरित गाईला पोटभर म्हणजे आठ ते दहा किलो कोरडा ऐवज हवा. ती त्याच दावणीला, त्याच नियमाने, आतून खंगत जाते. कारखाना स्वतःचीच भिंत जाळून चालू राहतो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. समान वाटप हा न्यायच समजला जातो. पण सारखं वाटलं म्हणजे सारखं मिळालं, असं धरणारा माणूस गोत्वाला चारा घालत होता. छावणीत रोज हजारो जनावरं तोलून रेशन ठरवा, असं आम्ही म्हणत नाही. मोठ्याचे दोन वर्ग, देशी आणि संकरित, एवढं तरी कागदावर लिहिता आलं असतं.

आमच्या भागात हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, निराळ्या भाषेत. मुरबाडजवळच्या म्हसाच्या यात्रेला पौष पौर्णिमेला गुरांचा बाजार भरतो. आम्ही दोन-तीनदा गेलो आहोत. तिथला जाणता माणूस दात बघतो, दोनदाती की चारदाती, खूर बघतो, मग कातडी चिमटीत धरतो. आणि एक प्रश्न हमखास विचारतो, "चाऱ्याला कसा आहे?" उंची नाही, ताकद नाही. चाऱ्याला कसा. पावसात उघड्यावर चिखलणी करणारा डांगी बैल पेंढ्यावर आणि रानातल्या गवतावर उभा राहिला पाहिजे. डांग्याची तेलकट कातडी, आखूड बांधा, कोकणातल्या कपिला गाईचं लहानखुरं अंग, या गोष्टींना आपण खुरटेपणा म्हणत आलो. त्यातला काही खरंच उपासमारीचा खुरटेपणा आहे, फुले म्हणाले तो. आणि काही त्या चाऱ्यापुरतं बेतलेलं अंग आहे. दोन्ही एकाच गोठ्यात असतात. म्हणूनच तोलल्याशिवाय निवाडा देऊ नये.

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेतो. बदलापूरहून एका ताईंनी लिहिलंय, आमच्याकडे एक जर्सी संकर आणि एक गावठी गाय आहे, पेंढ्याचा भाव वाढलाय, एक विकायची आहे, कोणती विकू?

ताई, आम्ही पुस्तकातले, तेव्हा गोठ्याच्या डॉक्टरांनाही विचाराच. पण तोवर एवढं करा. दोघींना वेगवेगळ्या गव्हाणीत बांधा. रोज टाकलेली वैरण तोला, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली तोला, वजाबाकी वहीत लिहा. दूध लिहा. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्यापासून मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, ६६० ने भागा. अदमासे किलोत वजन येईल. ५४ इंच घेर आणि ४५ इंच लांबी असली तर सुमारे २०० किलो. हे एकदा आत्ता करा, आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, हिरवं संपल्यावर. दोन्ही महिन्यांच्या वह्या शेजारी ठेवा. आम्हाला पाठवल्यात तर पुढच्या वेळी इथेच वाचू.